लुमिपाल्लोचा शेवटचा सीझन

इरा, अर्णव,

गेल्या रविवारी फोनवर अर्णवने विचारलं, "आजी, आजोबांची टीम जिंकली का गं?" मी म्हणाले, "अजून मॅच सुरू व्हायच्यात, बाळा." ते खरं नव्हतं. मॅच सुरू झाल्या आहेत. आजोबांची टीम त्यात नाही आणि यापुढेही नसेल. परवा क्लबच्या सभेत ते ठरलं. तुम्ही दोघं पुण्यात आणि मी इथे कॅनडात, थंडर बे गावी, मध्ये अर्धं जग. एवढ्या लांबून फोनवर हे सांगायला मला जमेना. शिवाय हे आधी ज्यांना सांगायला हवं, ते आता फोनवर येत नाहीत. म्हणून हे पत्र तुमच्या आजोबांना लिहिते आहे. तुम्ही शेजारी बसून ऐकता आहात असं समजा. तुमची आई, मंजिरी, मोठ्याने वाचून दाखवेल.

अहो, ऐकताय ना?

तुम्हाला जाऊन अजून तीन महिनेही झाले नाहीत. बर्फ वितळलं, अंगणातलं गवत वर आलं. मी रोज दोन कप चहाचं आधण ठेवते आणि मग एक कप ओतून देते. ही सवय मोडत नाही, आणि मोडावी असं मनापासून वाटतही नाही. पण आज मी रडायला बसलेली नाही. आज मला तुमच्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धं राहिलं. तुम्ही त्या सकाळी गाडीची किल्ली उचलून ग्रोसरीला निघून गेलात.

आधी मुलांसाठी थोडं सांगते. त्यांनी तुमची टीम फक्त फोटोत पाहिली आहे.

आपण या गावात आलो तेव्हा तुम्ही पेपर मिलमध्ये इंजिनिअर होतात आणि मी घरात एकटी होते. पहिला उन्हाळा आला. एका रविवारी तुम्ही म्हणालात, "चल, फिरून येऊ." फिरत फिरत आपण रेल्वेच्या रुळांपलीकडच्या एका मैदानाशी पोचलो. तिथे पांढऱ्या जर्सीवर निळा पट्टा घातलेली गोरीपान माणसं फुटबॉल खेळत होती, आणि कुणी ओरडत नव्हतं. तुम्ही कोल्हापूरचे. पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल टीमकडून खेळलेले. तिथे मॅच असली की दुकानं ओस पडतात आणि गोल झाला की शेजारच्या गल्लीतली म्हातारी माणसंसुद्धा शिव्या देतात. तुम्ही कुंपणाला टेकून पाच मिनिटं ती शांतता सहन केलीत. मग तोंडाशी हात नेऊन ओरडलात, "अरे, मार की लेका! वाट कुणाची बघतोस?"

सगळं मैदान वळून बघू लागलं. मला जमीन दुभंगावी असं झालं. ज्याला तुम्ही ओरडलात, त्याने खरंच चेंडू मारला, आणि गोल झाला. मॅच संपल्यावर तो आपल्यापाशी आला. उंच, लाल कानांचा, तुमच्याच वयाचा. तो रेयो. त्याने विचारलं, "तुम्ही काय म्हणालात?" तुम्ही इंग्रजीत सांगितलंत. त्याने मान हलवली, बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, "पुढच्या रविवारी या. आमच्याकडे बोलणारं कुणी नाही."

क्लबचं नाव लुमिपाल्लो. लुमी म्हणजे बर्फ, पाल्लो म्हणजे चेंडू. बर्फाचा गोळा. जंगलात झाडं तोडायला आणि गोदीत माल चढवायला आलेल्या फिनिश माणसांनी तो काढला. तुम्ही क्लबचा इतिहास सांगायचात तो टीमवार. पहिली टीम लाकूडतोड्यांची. त्यांना खेळ येत नव्हता, पण ते दमत नसत, म्हणून शेवटच्या दहा मिनिटांत जिंकत. युद्धानंतर फिनलंडहून नवी मंडळी आली, त्यांची दुसरी टीम. त्यांना पास द्यायची कला येत होती, पण ते जुन्यांना पास देत नसत. त्यानंतरची रेयोची आणि तुमची. तुमच्या मते सगळ्यांत उत्तम, आणि रेयोच्या मते सगळ्यांत बोलघेवडी, कारण तिच्यात तुम्ही होतात. पुढे चाळिशीपुढच्यांची टीम, काही वर्षं बायकांचीही, पोरांच्या दोन. मग मिल्स बंद पडत गेल्या, मुलं टोरांटोला आणि आणखी लांब गेली, आणि एकेक टीम गळाली. शेवटी एकच राहिली. तिच्यात फिनिश नातवंडं चार-पाच, बाकी कॉलेजात शिकायला आलेली जगभरची मुलं. त्यात आपला नाशिकचा ओंकार.

क्लबच्या खोलीत चुलीच्या वर भिंतीला किटली अडकवायचे दोन आकडे आहेत. मी पहिल्या वर्षीच विचारलं होतं, कॉफीची किटली एक आणि आकडे दोन का? रेयोची बायको काइसा नुसती हसली. नंतर तुम्ही काढून आणलंत. सुरुवातीच्या काळात इथले फिनिश दोन तटांत होते, चर्चवाले आणि लाल बावट्याचे. टीम एकच, पण किटल्या दोन. मैदानावर एकमेकांना पास द्यायचे आणि बाहेर आले की एका किटलीतली कॉफी प्यायचे नाहीत. मी म्हणाले, "अगं बाई, म्हणजे इथेही पाण्याचे माठ वेगळेच होते." तुम्ही म्हणालात, "पण बघ, खेळताना विसरायचे. म्हणून तर मला हा क्लब आवडतो." तुमचं ते वाक्य मी तेव्हा ऐकून सोडून दिलं होतं.

त्या क्लबने मला काय दिलं, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. मी बेळगावच्या कॉन्व्हेंटात शिकलेली, इंग्रजी माझं तुमच्यापेक्षा चांगलं, पण या गावात मला बोलायला माणूस नव्हतं. पहिल्यांदा मी मॅचला चिवड्याचा डबा नेला तेव्हा एकानेही "छान आहे" म्हटलं नाही. मी घरी येऊन रडले. तुम्ही म्हणालात, "डबा बघ आधी." डबा पुसल्यासारखा रिकामा होता. पुढच्या रविवारी काइसाने माझ्या हातात वेलची घातलेल्या गोड पावाची वेणी ठेवली आणि म्हणाली, "वेलची तुमच्याकडची आहे. पाव आमचा." चाळीस वर्षांत तिचं आणि माझं एवढंच लांब संभाषण झालं असेल. पण मंजिरीच्या वेळी मला दिवस गेले तेव्हा माझ्या बेसमेंटातले कपडे धुऊन, वाळवून, घड्या घालून जाणारी तीच होती. ती कधी आली आणि कधी गेली हे मला कळायचंही नाही.

आणि सॉना! मुलांनो, मॅचनंतर सगळे पुरुष लाकडाच्या खोलीत वाफ घेत उघडे बसतात. तुमचे आजोबा पहिल्यांदा आत गेले ते पट्ट्यापट्ट्यांची चड्डी घालून. रेयोने म्हणे एवढंच विचारलं, "माने, तू थांबणार आहेस की कुठे जाणार आहेस?"

आता त्या सकाळबद्दल.

मार्च होता. टीमचं नाव लीगकडे महिनाअखेरीच्या आत पाठवायचं असतं. क्लबचे सेक्रेटरी तुम्ही, आणि इतकी वर्षं ते काम तुमचंच. मी चहा गाळता गाळता म्हणाले, "हे काम रेयोला शिकवा ना. एक ईमेल तर पाठवायचा असतो."

"पाठवतो की शुक्रवारी. गोलकीपर येणार का ते कळू दे आधी."

"तसं नव्हे. तुम्ही नसलात तर कोण पाठवेल?"

"मी कुठं चाललोय?"

"आणि ते नाव बदला एकदा. कॉलेजातल्या मुलांना उच्चारता येत नाही. नाव सोपं करा, दहा मुलं जास्त येतील. नाहीतर दोन वर्षांत टीम उभी राहणार नाही."

तुम्ही कप खाली ठेवलात. "अगं, तालमीचं नाव बदलतंय का कुणी? पैलवान बदलतात, वस्ताद बदलतात, नाव बदललं की तालीम संपली."

"माणसं संपली की नावाचं काय करणार?"

त्याचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत. म्हणालात, "आल्यावर बोलू. दूध आणतो." तो बुधवार होता. दूध घेऊन गाडीकडे येताना पार्किंग लॉटमध्ये तुम्ही पडलात. दुधाची पिशवी फुटली नव्हती. पोलिसांनी ती मला आणून दिली. मी ती फ्रिजमध्ये ठेवली, कारण दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही.

मंजिरी पुण्याहून आली. विनिपेगच्या गुरुजींनी फोनवरून मंत्र सांगितले, तिने केलं. आणि क्लबमधलं कुणी आलं नाही. म्हणजे, आले. पण कसे, ते ऐका. रोज सकाळी मी उठायच्या आत ड्राइव्ह-वेवरचं बर्फ शोव्हल केलेलं असायचं. एकदा खिडकीतून पाहिलं तर रेयो होता. या वयात, त्या गुडघ्याने. त्याने बेल वाजवली नाही. मी दार उघडलं नाही. "त्यांनी बेल वाजवली नाही तर आपण दार उघडायचं नाही, त्यांना अवघड होतं," हे तुम्हीच मला शिकवलेलं. पायरीवर काइसाचा पाव ठेवलेला असायचा, फडक्यात गुंडाळलेला. मी फडकं धुऊन पुन्हा पायरीवर ठेवायची. मंजिरी म्हणाली, "आई, तुम्ही काय लपंडाव खेळताय?"

तेरावा झाला. मंजिरीला मुलांसाठी परतावं लागलं. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात रेयो, कोटात, टाय लावून. एप्रिल लागला होता.

"वसुधा, तेरा झाले ना?"

"झाले."

"काइसाने वाचलं होतं. तेरा दिवस घरच्यांना त्रास द्यायचा नाही."

मी कॉफी केली. आम्ही बसलो. त्याने पूर्ण कप संपवला, मग म्हणाला, "मानेने टीम कधी पाठवली? यंदा पहिली मॅच कुणाशी आहे?"

अहो, मी त्याच्याकडे बघतच राहिले. "रेयो, टीम तुम्ही नाही पाठवली?"

"आम्ही कशी पाठवणार? सेक्रेटरी माने होता. पाठवली का, हे विचारायला यायचं होतं. पण तेरा दिवस..." त्याचे कान लाल झाले. "आणि तू? तू फोन नाही केलास."

"मला वाटलं तुम्ही केलं असेल. तुमच्या क्लबच्या कामात मी कशी बोलू?"

तो तुमच्या खुर्चीत बसला होता. आम्हाला कुणालाच वाईट वागायचं नव्हतं हो. त्यांनी तुमचे-माझे रिवाज पाळले, मी त्यांचे पाळले, आणि या दोन शहाणपणांच्या मधून तारीख निघून गेली. लाकूडतोड्यांपासून एक वर्ष चुकलं नव्हतं. मिल्स बंद पडल्या त्या वर्षीही टीम उतरली होती. ती आमच्या सभ्यपणात बुडाली.

मी कोट चढवला आणि म्हणाले, "चला." लीगचं ऑफिस म्हणजे कम्युनिटी सेंटरमधली एक खोली. तिथे एक तरुण मुलगा, चेहऱ्याने चांगला. म्हणाला, "तुमच्या दुःखाबद्दल मला खरंच वाईट वाटतं. पण वेळापत्रक निघालं आहे. आता एक टीम घातली तर सगळ्यांच्या तारखा हलतील."

मी म्हणाले, "माझा नवरा गेला त्या आठवड्यात. तोच पाठवायचा. माणूस मेला हो, म्हणून राहिलं."

"मॅडम, मला समजतंय."

"नाही समजत! सगळ्यात शेवटी खेळवा, कुठल्याही वेळी खेळवा, पावसात खेळवा. पण नाव ठेवा." मी टेबलाची कड धरली होती. आयुष्यात मी कुणापुढे असं बोलले नाही. आवाज कुणाचा येतोय तेच कळेना. तो मुलगा उठून माझ्यासाठी पाणी घेऊन आला. पाणी दिलं, टीम दिली नाही.

बाहेर येऊन मी रेयोवर चिडले. "तुम्ही एक शब्द बोलला नाहीत! भांडला का नाहीत?"

तो गाडीची किल्ली शोधत राहिला. मग म्हणाला, "भांडायचं काम मानेचं होतं. म्हणूनच तर त्याला सेक्रेटरी केलं."

हे तुम्हाला माहीत होतं का? मला वाटायचं, तुमचं अक्षर चांगलं म्हणून, हिशेब चोख म्हणून. त्यांना सगळ्या क्लबमध्ये एक तोंड हवं होतं, आणि ते तुमचं होतं. त्याक्षणी तुमचा अभिमान वाटला, आणि पुढच्याच क्षणी इतका राग आला की मी गाडीत बसून हातमोजे दातांनी ओढून काढले. एवढं सगळं एका माणसाने आपल्या अंगावर घेऊन ठेवायचं, आणि दुसऱ्याला शिकवायचं नाही? मी सांगत नव्हते? त्या सकाळीसुद्धा सांगत नव्हते?

मग परवाची सभा. शहराची जागा क्लबला मिळते ती लीगमध्ये टीम असेल तर. टीम नाही, तर या ऑक्टोबरपासून जागा नाही. जागा नाही तर सॉना नाही, खोली नाही. रेयो प्रेसिडेंट म्हणून उभा राहिला आणि म्हणाला, क्लब बंद करावा असा ठराव आहे, कुणाचा विरोध? कुणी काही बोललं नाही. फिनिश माणसं गप्प असली तर ती विचार करताहेत, राजी आहेत, की आतून फाटताहेत, हे मला इतक्या वर्षांनीही ओळखता येत नाही.

मी उभी राहिले. मी सभासद नाही, हे मला ठाऊक होतं. मी म्हणाले, "बंद करू नका. नाव बदला. नवं नाव घ्या, सोपं घ्या, पुढच्या वर्षी नवा क्लब म्हणून उतरा. कॉलेजची मुलं येतील. ओंकार आणेल."

ओंकार मागून म्हणाला, "आणतो ना, काकू. माझ्या शिफ्टवरचेच तिघं आहेत. इथे कायम राहायच्या पीआरसाठी अप्लाय केलंय सगळ्यांनी, कुठे जात नाहीत ते."

मला वाटलं, झालं. मग रेयो माझ्याकडे वळला. हळू आवाजात म्हणाला, "वसुधा, तालमीचं नाव बदलत नाहीत." तालीम हा शब्द त्याने मराठीतच म्हटला, ळकारासारखा जड ल काढून. "माने सांगायचा. सॉनामध्ये. नाव गेलं की सगळं गेलं."

अहो, तुम्ही मेल्यावरही माझ्याशी भांडण जिंकलात! तुमचं वाक्य, तुमच्या मित्राच्या तोंडून, तुमच्याच क्लबविरुद्ध. मी खाली बसले. ठरावाच्या बाजूने हात वर झाले. काइसाचा सगळ्यांत शेवटी, आणि पूर्ण वर गेलाच नाही, खांद्यापर्यंतच. पण तो मोजला.

नाव राखलंत तुम्ही. कुणी बदललं नाही. आणि ते नाव घेणारा क्लब आता नाही. आपल्यापैकी कोण बरोबर होतं, ते मला आता ठरवता येत नाही, आणि ठरवून कुणाला सांगू? त्या बुधवारी मी तुम्हाला थांबवायला हवं होतं, असं म्हणून उपयोग नाही. दूध खरंच संपलं होतं. पण मला तुमचं उत्तर हवं होतं. माणसं संपली की नावाचं काय करायचं? तुमच्याकडे उत्तर होतं, तुमच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "आल्यावर बोलू" म्हणालात. मी रोज त्या "आल्यावर"पाशी येऊन थांबते. पुढे जाताच येत नाही. घरात इतकी शांतता आहे की मला कधीकधी त्या कुंपणाला टेकून तुमच्यासारखं ओरडावंसं वाटतं, कुणालाही, काहीही.

सभा संपल्यावर माणसं खुर्च्या घडी करून भिंतीला लावत होती. मी कोट शोधत होते. ओंकार जवळ आला. "काकू, मग संडेला?"

"संडेला काय?"

"खेळायचं ना? प्रेसिडेंट म्हणाले ऑक्टोबरपर्यंत ग्राउंड आपलंच आहे. मॅच नाही तर नाही. आपण आपले दोन गट पाडू."

रेयोने ऐकलं. म्हणाला, "गोलकीपर नाही."

"तुम्ही उभे राहा," ओंकार म्हणाला.

"माझा गुडघा..."

काइसा खुर्ची घडी करता करता म्हणाली, "बर्फ काढताना नव्हता दुखत?" चाळीस वर्षांत मी तिला नवऱ्याला टोमणा मारताना पहिल्यांदा ऐकलं.

मी काल रविवारी गेले. डबा नेला नाही, करायची ताकद नव्हती. कुंपणापाशी उभी राहिले. सॉनाला कुलूप होतं. रेयो गोलमध्ये उभा होता, वाकता येत नव्हतं त्याला, तीन गोल त्याच्या पायाखालून गेले. ओंकारने एकदा चेंडू बाहेर मारला आणि एकाने त्याला हिंदीत शिवी दिली. मी घरी आले, बूट काढले नाहीत, तशीच जिन्यात बसून राहिले. अहो, मी काय करू?

मुलांनो, लुमिपाल्लो बंद झाला. लीगमध्ये ते नाव नाही. मैदान ऑक्टोबरपर्यंत आहे, दोन्ही गोलांना जाळ्या आहेत, आणि रविवारी दहा-अकरा माणसं तिथे खेळतात.